गुस्ल

आकाशवाणीवरून ‘विज्ञान आणि धर्म’ या विषयावर बोला, असं सांगणं आलं, तेव्हा आधी मला हसूच आलं. मी मराठी घेऊन बीए झालेला माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. धर्माचंही तसंच. नमाज पढतो, रोजे ठेवतो, पण मौलाना नाही. कविता लिहिणाऱ्याला या दोन्ही घरांत पाहुणा म्हणूनच जाता येतं. तेव्हा श्रोतेहो, पाहुण्याला जेवढं दिसतं तेवढंच आज सांगतो.

मी भिंगारचा. आमच्याकडून नगरला जायचं तर वाटेत भुईकोट किल्ला लागतो. आमच्या लहानपणी किल्ल्यात लष्कर असे आणि 15 ऑगस्ट, 26 जानेवारीला लोकांना आत सोडत. अब्बा आम्हा दोघा भावांना घेऊन जायचे. खंदकावरचा पूल ओलांडून आत गेलं, की नेत्यांना ठेवलं होतं त्या खोल्या दिसायच्या. अब्बा एका दाराशी थांबायचे, म्हणायचे, ‘इथे मौलाना होते.’ पुढच्या दाराकडे हात करून, ‘आणि तिकडे पंडितजी.’ याहून जास्त त्यांना माहीत नव्हतं. मलाही कळायला फार वर्षं लागली.

9 ऑगस्ट 1942 ला मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण या किल्ल्यात आणून ठेवले गेले. नेहरू, पटेल, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव आणि तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. 1944 साली एप्रिल ते सप्टेंबर, अशा पाच महिन्यांत नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहिलं. वैज्ञानिक दृष्टिकोन हा शब्द आज शाळेच्या फळ्यावरही असतो. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत आला. पण नेहरूंनी त्याची जी मांडणी केली, ती या किल्ल्याच्या भिंतीआड बसून. आणि त्याच भिंतीआड आझाद पहाटे उठून, स्वतःच्या हाताने चहा करून, मित्राला पत्रं लिहीत होते. ती पत्रं टपालात पडणार नव्हती. ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने 1946 साली त्यांचं पुस्तक झालं.

या पत्रांत मौलाना विज्ञान आणि धर्माबद्दलही बोलतात. वारशाने आलेला धर्म त्यांनी तरुणपणी तपासून पाहिला होता, काही वर्षं नास्तिकतेच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन आले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दुःखात माणसाला टेकायला काहीतरी लागतं. विज्ञान सिद्ध करून दाखवतं, पण टेकू देत नाही. धर्म तो देतो, भले त्याच्यापाशी सिद्धता नसो.

कॉलेजात असताना मला हे पळवाटेसारखं वाटायचं. नेहरूंची बाजू सरळ, स्वच्छ वाटायची. पुढे कळलं, की एप्रिल 1943 मध्ये मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या, तेव्हा मौलाना या किल्ल्यात होते. सरकारला काही कळवायचं असेल तर कळवा, असं तुरुंगाधिकाऱ्याने सुचवलं होतं. मौलानांनी विनंती केली नाही. नेहरूंच्या पुस्तकातही अगदी सुरुवातीला कमला नेहरूंचं आजारपण आहे, स्वित्झर्लंडमधला 1936 चा मृत्यू आहे. दोघेही बायको गमावलेले. एकाच्या हाती सिद्धता आणि दुसऱ्याच्या हाती टेकू, अशी वाटणी मला आता करवत नाही. नेहरूंनी 1954 च्या मृत्युपत्रात धार्मिक विधी नकोत म्हणून लिहिलं आणि मूठभर रक्षा गंगेत सोडायला सांगितली. त्यात धार्मिक अर्थ नाही, हेही आवर्जून लिहिलं. आता याला काय म्हणायचं?

पण हे झालं मोठ्या माणसांचं. माझ्या घरात हा प्रश्न एप्रिल 2021 मध्ये आला.

भाईजान माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. भिंगार कॅम्पात जवानांचे गणवेश शिवायचे. दुसऱ्या लाटेत आठ दिवस ऑक्सिजनवर होते, नवव्या दिवशी गेले. आमच्याकडे मय्यतीला गुस्ल देतात, म्हणजे आंघोळ घालतात. जवळची माणसंच ती घालतात, कोमट पाण्याने, हलक्या हाताने, जिवंत माणसाला दुखू नये तशी. अब्बांना भाईजाननी आणि मी घातली होती. भाईजानना मी घालणार, हे न बोलता ठरलेलं होतं. पण मिळाली ती चेन बंद केलेली प्लॅस्टिकची पिशवी. चेहरासुद्धा काचेतून पाहावा तसा पाहिला. कबरीत उतरवायला नखशिखांत पांढऱ्या पोशाखातली चार पोरं. मी दहा हात लांब. इमामसाहेब म्हणाले, पाणी जमत नाही तिथे शरियतने तयम्मुम सांगितलं आहे, म्हणजे स्वच्छ मातीवर हात टेकवून चेहऱ्यावरून, हातांवरून फिरवायचा. तेही जमलं नाही तर मजबुरी अल्लाह जाणतो. जनाजाची नमाज झाली, माती दिली. घरी आलो तर अम्मीने एकच विचारलं, ‘उसकू नहलाया क्या?’

मी ‘हो’ म्हणालो.

त्या रात्रीपासून कितीतरी दिवस माझा विज्ञानावर राग होता. ज्याला कधी नीट भेटलोही नव्हतो, त्याच्यावर राग. मनात यायचं, याच्या नियमाने माझा भाऊ न धुता मातीत गेला.

नंतर पुतण्याने, तो ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, एक एक कागद माझ्यासमोर ठेवला. मार्च 2020 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मृतदेहाला आंघोळ घालणं, मिठी मारणं मना केलं होतं. हात न लावता पठण करायला, पाणी शिंपडायला परवानगी होती. त्याच महिन्यातल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात मात्र हातमोजे वगैरे घालून घरच्यांनी शव धुवायला वाव होता. मृतदेहातून हा आजार पसरल्याचा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता. 30 मार्च 2020 ला मुंबई महापालिकेने कोणत्याही धर्माचा असला तरी मृतदेह दहनच करा, असं परिपत्रक काढलं आणि काही तासांतच ते बदललं. मग वांद्र्याच्या काही रहिवाशांनी जवळच्या कबरस्तानात दफन नको म्हणून उच्च न्यायालय गाठलं. 22 मे 2020 ला न्यायालयाने ती मागणी फेटाळली. दफनातून संसर्ग पसरतो याला वैज्ञानिक आधार नाही, हे कारण त्यात होतं. म्हणजे आमच्या कबरस्तानाच्या बाजूने उभं राहिलं ते विज्ञानच! आणि भाईजानच्या गुस्लच्या आड जे आलं, ते विज्ञान कमी आणि भीती जास्त होती. भीती खोटी होती असंही मी म्हणत नाही. त्या दिवसांत कुणाजवळ नीट हातमोजे होते? कुणाला वेळ होता?

पुतण्याने वर मलाच टोमणा मारला, ‘चच्चा, लस घ्यायला तुम्हीही दोन आठवडे घोळ घातलाच की.’ घातला होता. मोहल्ल्यात अफवा होत्या आणि मी बीए असून त्या ऐकत होतो. खरं तर सव्वाशे वर्षांपूर्वीचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. 1897 साली मुंबईत प्लेग असताना हाफकिनने लस आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरून दूर पळत होते, तेव्हा तिसऱ्या आगाखानांनी सगळ्यांदेखत टोचून घेतली आणि त्यांच्या मागून हजारो खोजांनी. आगाखान त्यांचे इमाम. इथे सिद्धता हाफकिनची होती, पण लोकांनी दंड पुढे केला तो इमामावर भरवसा ठेवून. मौलाना ज्याला टेकू म्हणत असावेत, तो असाही कामाला येतो.

अम्मी आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. मराठी वाचत नाही, पण नगर केंद्र रोज ऐकते. रेडिओ तिच्या उशाशीच असतो. त्यामुळे हे भाषण रेकॉर्ड करायला निघण्याआधी तिला खरं सांगणं भागच होतं. काल असरच्या नमाजनंतर तिच्याजवळ बसलो आणि सांगितलं, भाईजानना गुस्ल मिळाला नाही, मी तेव्हा खोटं बोललो. ती बराच वेळ तसबीह फिरवत राहिली.

‘मेरेकू मालूम था,’ म्हणाली. ‘तू आया तब तेरे कपडे सूखे थे.’

मग थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘वो कबर में उतरे सो छोकरे? उनकू तो कुछ नहीं हुआ ना?’

मी म्हटलं, नाही अम्मी, चारही जण बरे आहेत. तेवढी चौकशी मी तेव्हाच केली होती.