छावणीतल्या मंडळ्या

१८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सेलम इथे पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट पुढच्या वर्षी मुंबईत उतरले; अमेरिकन मराठी मिशनची ती सुरुवात. तिसरा, अडोनिरॅम जडसन, ब्रह्मदेशात रंगूनला पोचला. आजची गोष्ट त्याच्या वाटेवरची.

ब्रह्मदेशातल्या कारेन लोकांपैकी को था ब्यू याचा बाप्तिस्मा झाला १८२८ मध्ये. पुढे गावोगाव ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या, कारेन पाळकांनीच चालवलेल्या. म्हणून १९८४ मध्ये लष्कराच्या रेट्यापुढे हजारो कारेन सीमा ओलांडून थायलंडच्या ताक प्रांतात आले, तेव्हा त्यांच्या मंडळ्याही पाळकांसकट आल्या. ख्रिस्ती संस्थांचा एक गट तांदूळ घेऊन मदतीला धावला, पण वाटप त्यानं निर्वासितांच्याच समितीकडे सोपवलं. मला सगळ्यात जास्त शहाणपण दिसतं ते इथे. एरवी वाटपाची वही दात्याच्या हाती, आणि बाकीचे रांगेत.

मे ला ही त्या सीमेवरची सगळ्यात मोठी छावणी. पक्क्या बांधकामाला परवानगी नाही. घरं बांबूची, छपरं पानांची. वर्षानुवर्षं बाहेर पडून काम करायचीही मुभा नव्हती. अशा ठिकाणी बायबल कॉलेज उभं राहिलं! परदेशी मंडळ्यांमधून तिथे शिकवायला माणसं येतात, आणि तिथे शिकलेले पाळक मंडळ्या सांभाळतात.

२००५ नंतर हजारो कारेन अमेरिकेत वसवले गेले, आणि देण्याघेण्याची दिशाच फिरली. टेनेसी राज्यातल्या स्मर्ना गावचं ऑल सेंट्स चर्च तेव्हा कर्जात बुडालेलं होतं. मंडळी फुटून मोजकीच माणसं उरलेली, इमारत विकायची वेळ आलेली. तेवढ्यात काही कारेन कुटुंबं उपासनेला येऊ लागली. कारेनांत अँग्लिकनही आहेत, आणि हे चर्च त्याच पंथाचं. ही माणसं शेतकरी. चर्चभोवतीची जमीन पडीक होती, तिथे त्यांनी भाजीपाला पिकवला. आपल्यासारखीच अंबाडीची भाजी कारेनांच्याही जेवणात असते, बरं का. त्या भाजीपाल्यानं घरंही चालली आणि चर्चच्या खर्चालाही हातभार लागला. चर्च विकलं गेलं नाही. यावर २०१७ मध्ये सिनेमा निघाला. त्याचा नायक अर्थातच अमेरिकन पाळक आहे. पण शेती कशी करतात ते त्या गावात आलेल्या कारेनांना ठाऊक होतं.