शिक्षकानेही विद्यार्थी व्हावे
(सातारा व सांगली जिल्ह्यांतील विज्ञान-शिक्षकांना उद्देशून केलेले भाषण)



दहावीच्या वर्गात ऊर्जेचा पाठ चालू असता एखादी मुलगी उठून विचारते, "सर, वारा दुप्पट झाला तर चाळकेवाडीच्या पवनचक्कीला दुप्पट शक्ती मिळते काय?" हे परीक्षेत येत नाही, असे म्हणून तिला खाली बसविणे सोपे आहे. परंतु वेग दुप्पट झाला की दर सेकंदाला पात्यांवर येणारी हवा दुप्पट होते व तिच्या प्रत्येक किलोची गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणजे वाऱ्यातील शक्ती आठपट होते, हे तिला कोणी सांगावयाचे? दुसरा मुलगा विचारील, कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप धरणामुळे झाला काय? जलाशयाचे पाणी खडकांच्या भेगांत उतरते, त्याच्या दाबाने भेगांची पकड सैल होते आणि आधीच साठलेला ताण मोकळा होतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. याच शोधासाठी कराडच्या संशोधन केंद्राने कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले. हे नीट उलगडून सांगण्यास बी.एस्सी.ची जुनी शिदोरी पुरत नाही.

सधन घरच्या मुलाला शिकवणी आहे, पुस्तके आहेत. वाडीवस्तीवरच्या मुलाला शिक्षक हेच ग्रंथालय आणि शिक्षक हीच प्रयोगशाळा. म्हणून आपले पदार्थविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण ही केवळ वेतनश्रेणीची बाब नव्हे. तो त्या मुलाचा हक्क आहे.

अडचण मी जाणतो. १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ कोल्हापुरास आहे. साताऱ्याहून ते सुमारे १२० किलोमीटर दूर पडते. शाळा सोडून रोज तेथे जाणार कसे? पुस्तक रात्री घरी वाचता येते. प्रयोग घरी करता येत नाही. मग आपण काय मागावे? सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आणि साताऱ्याचे यशवंतराव चव्हाण विज्ञान महाविद्यालय १९५८ पासून उभे आहे. अशा ठिकाणच्या प्रयोगशाळा रविवारी व मे महिन्याच्या सुटीत नोकरदार शिक्षकांसाठी उघडाव्यात. २०२१ पासून श्रेयांक साठवून ठेवण्याची राष्ट्रीय व्यवस्था झाली आहे. तिचा आधार घेऊन दरवर्षी थोडेथोडे विषय पुरे करू द्यावेत. परीक्षेसाठी रजा द्यावी. ही कृपेची याचना नाही. यात सवलत वेळेची आहे, गुणवत्तेची नाही.

आणि आपणही एक सबब सोडली पाहिजे. आता वय झाले, असे म्हणू नका. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच साताऱ्यातील शाळेत ज्या बालकाचे नाव दाखल झाले, ते बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पद मिळाले म्हणून ते थांबले नाहीत. पगारातून शिल्लक टाकून १९२० साली ते पुन्हा लंडनला विद्यार्थी म्हणून गेले, आणि १९२१ साली तेथील एम्.एस्सी. झाले. त्यांचा विषय अर्थशास्त्र होता, आपला पदार्थविज्ञान. वाट मात्र एकच आहे.

उद्या वर्गात तो प्रश्न पुन्हा येईल. त्या वेळी आपण त्या मुलीला खाली बसवू नये, फळ्याजवळ बोलवावे, इतकीच माझी आपणांस विनंती आहे.