जुने यंत्र, नवी व्यवस्था

बिऱ्हाड बदलणारा शहाणा मनुष्य सामान बांधण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून ठेवतो : नव्या घराच्या दारातून आपले कपाट आत जाईल काय, आणि वाटेत फुटण्याजोगे आपल्याजवळ काय आहे. वापरलेल्या लॅपटॉपवर कार्यप्रणालीची निराळी आवृत्ती बसविणे हेही एक बिऱ्हाड बदलणेच होय. त्यातही हेच दोन प्रश्न विचारावयाचे असतात.

कार्यप्रणाली ही संगणकाच्या कचेरीतील शिरस्तेदार म्हणावयास हरकत नाही. कोणते दप्तर कोठे ठेवावे, कोणाचे काम आधी घ्यावे, बाहेरून आलेल्यास आत सोडावे की दारातच थांबवावे, हे सारे तीच ठरविते. ती आपल्या डोळ्यांस दिसत नाही. परंतु तिची पाहऱ्यावरील नजर मंदावली की कचेरी उघडी पडते.

2015 साली आलेल्या विंडोज 10 या आवृत्तीविषयी नेमका हाच प्रसंग उद्भवला. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा नेहमीचा आधार थांबविला. इच्छुकांसाठी आणखी एका वर्षाची तात्पुरती सोय ठेवण्यात आली. आधार थांबला म्हणून यंत्र बंद पडत नाही. पण नव्याने सापडणारी भगदाडे मग कोणी बुजवीत नाही. 2021 मध्ये आलेल्या विंडोज 11 चे दार अंमळ अरुंद आहे. टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चकती, किमान 4 गिगाबाइट स्मृती, 64 गिगाबाइट साठवण आणि मान्य यादीतील प्रक्रियक एवढे तिला लागते. सामान्यतः इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे प्रक्रियक त्या यादीत नाहीत. यास्तव धडधाकट असलेली असंख्य यंत्रे केवळ वयामुळे उंबरठ्यावरच अडतात.

चेन्नईच्या पश्चिमेस, बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर इरुंगाट्टुकोट्टै हे गाव आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत ह्युंदाईच्या कारखान्यातून 1998 साली सँट्रो गाडी बाहेर पडली आणि तो परिसर मोटारधंद्याचे केंद्र झाला. याच कंपनीने 2023 मध्ये पुण्याजवळील तळेगावचा जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना घेण्याचा करार केला. तेथे जमीन, छपरे, रस्ते तयारच होते; बदलावयाची होती ती आतली व्यवस्था. वापरलेली वास्तू मोडीत न काढता तिच्यात नवी घडी बसविणे हा व्यवहार उद्योगपतींस पटतो, तर तो घरच्या लॅपटॉपच्या बाबतीत का पटू नये?

अशा वसाहतीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने मुलासाठी जुना लॅपटॉप घेतला, असे समजू. विंडोज 11 चे दार बंद दिसले, तरी त्याला तमिळनाडूतच एक जुना दाखला सापडेल. 2011 पासून त्या राज्याच्या शासनाने सरकारी व अनुदानित संस्थांतील विद्यार्थ्यांस जे लॅपटॉप मोफत दिले, त्यांत विंडोजच्या शेजारी ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणालीही बसविलेली असे. ‘बॉस’ प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, चेन्नईत घडविली. आणि त्या संस्थेचे मुख्यालय पुण्यास आहे. लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या अल्प स्मृतीवरही चालतात, आणि त्यांस परवान्याचे मूल्य द्यावे लागत नाही. शिवाय त्या प्रथम पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात. पडदा, ध्वनी, वायफाय, छपाई नीट चालते की नाही हे तबकडीला हात न लावता कळते. नवे घर भाड्याने घेण्यापूर्वी एक रात्र राहून पाहण्याचीच ही सोय!

आता दुसरा प्रश्न : फुटण्याजोगे काय आहे? पहिला धोका पूर्वीच्या मालकाचा. त्याचे खाते अथवा त्याच्या कंपनीचे नियंत्रण यंत्रावर उरलेले असेल, तर नवा मालक केव्हाही बाहेर अडकू शकतो. म्हणून ते त्याच्याकडूनच काढून घ्यावे. तबकडी बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास तिची पुनर्प्राप्ती-किल्ली आधी लिहून ठेवावी. सारे दप्तर बाहेरच्या तबकडीवर उतरवावे, आणि तेथून दोनचार कागद उघडून पाहावेत. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. विंडोज 10 वरून 11 वर गेल्यास मागे फिरण्याची मुभा साधारणतः दहा दिवस असते. त्यानंतर सारे पुसून नव्याने मांडावे लागते.

परंतु मराठी माणसाचे सर्वांत नाजूक भांडे निराळेच आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी टंकांत लिहिला जाई. त्या टंकांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृत्या बसविलेल्या होत्या. टंक सोबत असेपर्यंत आजोबांची आठवणवही, संस्थेची इतिवृत्ते, मंडळाची वर्गणीदारांची यादी हे सारे स्वच्छ वाचता येते. तोच मजकूर टंक नसलेल्या नव्या प्रणालीवर उघडावा, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन चिवडा दिसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो. त्याची किल्ली मागे राहिलेली असते. म्हणून जुनी व्यवस्था चालू आहे तोवरच असे कागद युनिकोडमध्ये रूपांतरित करावेत, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत, आणि मूळ टंकांच्या फायलीही जपून ठेवाव्यात. पीडीएफ प्रत वाचनास पुरते. शोधावयास वा दुरुस्त करावयास ती पुरेलच असे नाही.

एवढी पूर्वतयारी झाली, की प्रत्यक्ष बसवणीचे काम तासाभराचे आहे. किंबहुना ज्यास ते अवघड गेले, त्याची अडचण बहुधा बसवणीत नसून घाईत असते. आणि ज्याचे यंत्र कोणत्याही प्रणालीस खरोखर पुरे पडत नाही, त्याने ते भंगारवाल्याच्या पोत्यात न टाकता अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावे. त्यातील शिसे मातीत आणि पाण्यात जाता कामा नये.

यंत्र जुने होते ते त्याच्या वयाने कमी आणि आपल्या उपेक्षेने अधिक. त्याची व्यवस्था बदलता येते, त्याचे आयुष्य काही वर्षे वाढविता येते. पण त्यात साठविलेले मराठी शब्द एकदा वाचता येईनासे झाले, तर ते कोणत्याही बाजारात पुन्हा विकत मिळत नाहीत. म्हणून स्थलांतराच्या दिवशी प्रथम अक्षरे बांधावीत, आणि मग यंत्र.