मोतीचं आजारपण



नाल्यातून वाचवलेला आपला मोती गेल्या पावसाळ्यात गोचीडतापाने आडवा पडला. काहींचं म्हणणं, त्याला बाहेर कुठेतरी नेऊन ठेवा. डॉक्टर म्हणाले, 28 दिवस गोळी चुकवायची नाही. आणि अनोळखी जागी कुत्रं बुजतं, अन्न सोडतं. मग गोळी पोटात जाणार कशी? म्हणून जिन्याखालचं त्याचं गोणपाट आपण हलवलं नाही. रोज ठरल्या वेळी, वॉचमनकाकांच्याच हातून, भाताच्या घासातून गोळी. गोचीड भिंतीच्या फटींत अंडी घालते; त्या फटी बुजवायला सिमेंट आणलं ते विरोध करणाऱ्यांनीच! आज मोती गेटवर हजर आहे.

नव्या अंदाजपत्रकात गोचीडनाशक औषधाचा खर्च धरावा, एवढीच विनंती.