भूमिगत सोन्याचा शोध व पारख
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवात सोन्याविषयीच बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आपणां हैदराबादकरांना हा विषय परका नाही. रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण पूर्वी निजामाच्या राज्यात होती. तेथे प्राचीन काळच्या खोल खाणकामाच्या खुणा आढळल्या आहेत. १९४७ साली हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी स्थापन झाली आणि ती खाण आज कर्नाटकात चालू आहे.

परंतु सोने सापडले म्हणजे खाण सापडली, असे नव्हे. भूगर्भशास्त्रज्ञ आधी जुन्या खाणींच्या खुणा, गारगोटीच्या शिरा व ओढ्यांची वाळू तपासतात. मग ठराविक अंतरांवर भोके पाडून आतील खडकाच्या लांब कांड्या वर काढतात. कांडी उभी चिरून अर्धी प्रयोगशाळेत पाठवितात व अर्धी जपून ठेवतात.

त्यानंतर हिशेब. समजा, शिरेची लांबी २०० मीटर, खोली १०० मीटर व जाडी २ मीटर भरली. म्हणजे ४०,००० घनमीटर, अर्थात सुमारे १,०८,००० टन दगड. टनास सरासरी ४ ग्रॅम, म्हणजे तोळ्याचा सुमारे तिसरा हिस्सा सोने धरले, तर एकूण ४३२ किलो होते. त्यातलेही सगळे हाती लागत नाही. शिवाय खोदाई, दळण, पाणी उपसणे व मजुरी यांचा खर्च वजा करावा लागतो. कोलारची खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली होती. ती २००१ साली बंद झाली, तेव्हा सोने मुळीच उरले नव्हते असे नाही. खर्च झेपेनासा झाला होता.

याहून मोठा धोका खोट्या नमुन्यांचा. बोर्निओ बेटावरील बुसांग येथे ब्रे-एक्स या कॅनडातील कंपनीने प्रचंड साठ्याची घोषणा केली. तिने कांड्या अर्ध्या न ठेवता सबंध दळल्या होत्या. १९९७ साली दुसऱ्यांनी शेजारीच भोके पाडली, तेव्हा सोने जवळजवळ निघालेच नाही. नमुन्यांत ते बाहेरून मिसळले होते. असंख्य लोकांची पुंजी बुडाली.

म्हणून कोणी सोन्याच्या खाणीत पैसे गुंतविण्यास सांगू लागला, तर ‘उरलेली अर्धी कांडी कोठे आहे, आणि ती कोणी त्रयस्थाने तपासली काय?’ असे अवश्य विचारावे. आपल्या ट्रस्टचे हिशेबही दरवर्षी त्रयस्थ तपासनिसापुढे उघडे असतात. लोकांचा विश्वास टिकतो, तो त्यामुळेच.