लेखक स्वतंत्र कशाने होतो?

(कार्यकर्त्यांच्या लेखन-शिबिरात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती गाळून येथे देत आहोत.)



संयोजकांनी मला 'स्वतंत्र लेखक : कला आणि दैनंदिन काम' असा विषय दिला आहे. यातील कलेवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने प्रतिभेविषयी बोलू नये, हे मला मान्य आहे. परंतु काम म्हटले की त्याच्यापाठोपाठ वेळ, मजुरी, भांडवल आणि बाजारपेठ हे शब्द येतातच, आणि त्यांच्याविषयी मी थोडेफार बोलू शकेन. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटांत चळवळीच्या आठवणी, गावाचा इतिहास, एखाद्या संपाची हकीकत अशी हस्तलिखिते पडून आहेत आणि ती स्वतःच छापावीत असा त्यांचा विचार चालू आहे, हे मी जाणून आहे. तेव्हा आज हिशेबाचेच बोलावे हे बरे.

स्वतंत्र लेखक म्हणजे कोण? प्रकाशकाच्या दारात न जाता स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापून जो स्वतःच विकतो तो, अशी सरधोपट व्याख्या केली जाते. ती मला अपुरी वाटते. इचलकरंजीत माग स्वतःच्या मालकीचा असूनही व्यापाऱ्याचे सूत घेऊन त्याच्याच ठरावीक मजुरीवर कापड विणणारा माणूस असतो. त्याला तिकडे 'खर्चीवाला' म्हणतात. कागदोपत्री तो मालक आहे. सूत कोणते, भाव काय आणि गिऱ्हाईक कोण, हे मात्र दुसरेच कोणी ठरवते. आज स्वतंत्र म्हणवणाऱ्या बहुतेक लेखकांची अवस्था या खर्चीवाल्यासारखी आहे. लेखणी त्याची, कागद त्याचा, उसनवारीही त्याचीच. बाजार तेवढा दुसऱ्याचा.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. जोतीराव फुल्यांचे 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ चे. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. पुढे १८६९ साली 'ब्राह्मणांचे कसब' त्यांनी पदरचे पैसे घालून छापले. हे पैसे कोठून आले, हा प्रश्न आपले वाङ्मयेतिहासकार सहसा विचारीत नाहीत. जोतीराव बांधकामाची कंत्राटे घेत असत आणि त्या मिळकतीने त्यांचे लेखन कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून राहू दिले नाही, हे त्याचे उत्तर आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. त्यानंतर त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही आणि हे पुस्तकही विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा मधे ९३ वर्षे उलटली होती. पुस्तक छापणे आणि पुस्तक जिवंत ठेवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, एवढे या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे. पहिल्याला पैसा लागतो. दुसऱ्याला संघटना लागते.

ताराबाईंच्या त्या ५०० प्रती मी मुद्दाम लक्षात ठेवल्या आहेत. कारण आजही एखादा कार्यकर्ता मुद्रकाकडे गेला की पहिला आकडा बहुधा हाच निघतो. आता एक काल्पनिक, परंतु व्यवहाराला धरून असलेला हिशेब मांडू. समजा, पुस्तक १६० पानांचे आहे, म्हणजे सोळा पानी दहा फर्मे. (पृष्ठसंख्या फर्म्यात बसवणे हीदेखील एक कलाच आहे. १६१ वे पान निघाले की पंधरा कोरी पाने पोसावी लागतात.) अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि प्लेटा यांचा खर्च २५,००० रुपये धरा. कागद, छपाई व बांधणी मिळून प्रतीमागे ७० रुपये, म्हणजे ५०० प्रतींचे ३५,००० रुपये. एकूण ६०,०००. किंमत २५० रुपये ठेवली आणि विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली, तर लेखकाच्या हाती प्रतीमागे १५० रुपये येतात. मुद्दल वसूल व्हायला ४०० प्रती खपाव्या लागतात. ५० प्रती अभिप्रायार्थ, भेट आणि कायद्याप्रमाणे ग्रंथालयांना जातात. उरल्या पन्नास, त्यांचे ७,५०० रुपये. एवढाच नफा, आणि तोही शेवटची प्रत खपल्यावर व प्रत्येक विक्रेत्याने पैसे दिल्यावर!

हे पुस्तक लिहायला दोन वर्षे लागली, वर्षातले ३०० दिवस रोज दोन तास काम केले असे समजा. १,२०० तास होतात. तासाला सव्वासहा रुपये पडले, आठ तासांचे पन्नास. महाराष्ट्रातल्या कोणत्याही किमान वेतनाच्या तक्त्यात इतका खालचा आकडा तुम्हाला सापडणार नाही. आपण ऊसतोड कामगारासाठी आणि घरकामगारासाठी मोर्चे काढतो ते योग्यच आहे, पण त्याच मोर्च्याचा इतिहास लिहिणारा कार्यकर्ता स्वतःच्या श्रमाची किंमत शून्य धरतो आणि त्यालाच त्याग म्हणतो. त्यागाला माझा विरोध नाही. हिशेब न मांडता केलेल्या त्यागाला आहे. कारण त्याचा लाभ वाचकाला होत नाही, मधल्या साखळीला होतो.

याच हिशेबात एक फरक करून पाहा. ४५० पैकी २०० प्रती लेखकाने थेट वाचकाला विकल्या आणि टपाल-वेष्टनाचे प्रतीमागे ४० रुपये गेले, तर २१० रुपये हातात राहतात. शिल्लक ७,५०० वरून १९,५०० वर जाते. म्हणून पाकिटे चिकटवणे, पत्ते लिहिणे, कोणाकडून किती येणे आहे याची वही ठेवणे ही कामे हलकी समजू नयेत. टपालखात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू केली. तिचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असे ठरवण्यात आले. त्याआधी, २०२४ च्या डिसेंबरात, जुनी नोंदणीकृत बुकपोस्टची सोय एकाएकी बंद झाली आणि छोट्या प्रकाशकांची काही महिने चांगलीच ओढाताण झाली. ज्ञानाचा प्रसार म्हणतात तो शेवटी अशा दरपत्रकावर उभा असतो.

रोजच्या कामात सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम मुद्रितशोधनाचे. संगणकावर एका लिपीसंचातून दुसऱ्यात मजकूर नेताना रफार उडतात, जोडाक्षरे फुटतात. ते लेखकाने स्वतः एकदा वाचावे, पण केवळ स्वतःच वाचू नये. स्वतःचे वाक्य आपल्याला पाठ असते आणि डोळा चूक असूनही बरोबर वाचतो. मुद्रितशोधकाला योग्य मोबदला द्यावा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण लेखक स्वतः फुकट राबतो तेव्हा दुसऱ्यालाही फुकट राबवण्याचा नैतिक अधिकार आपल्याला आहे असे त्याला वाटू लागते. प्रेमचंदांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. १९२३ साली त्यांनी बनारसला सरस्वती प्रेस काढला, १९३० साली 'हंस' सुरू केले. छापखाना कायम तोट्यात राहिला आणि कर्ज फेडण्यासाठी १९३४ साली त्यांना मुंबईला चित्रपटाच्या धंद्यात यावे लागले. तेथे त्यांनी गिरणीकामगारांवर चित्रपट लिहिला आणि इकडे त्यांच्याच छापखान्यातल्या कामगारांनी थकलेल्या पगारासाठी संप केला! प्रेमचंदांच्या सहृदयतेविषयी कोणी शंका घेणार नाही. परंतु भांडवल अपुरे असले की सहृदय मालकाचाही पगार थकतो, हा अर्थशास्त्राचा निष्ठुर भाग आहे.

कायद्याविषयी थोडक्यात. प्रकाशकाकडे जाणाऱ्यांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे १९ वे कलम वाचून जावे. हक्काचे हस्तांतरण लेखी हवे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक संरक्षण दिले. करार होताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखावाचून प्रकाशकाकडे जात नाहीत. माझ्या एका जुन्या पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत एका प्रकाशनसंस्थेने तोंडी व्यवहारावर पंधरा वर्षे आवृत्त्या काढल्या. कागद मागितला की 'सर, आपले घरचे संबंध' असे उत्तर यायचे. घरचे संबंध जरूर असावेत, कागदही असावा. स्वतः छापणाऱ्यांनी आयएसबीएन क्रमांक घ्यावा. तो आपल्या देशात सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. तसेच १९५४ च्या कायद्यानुसार कलकत्ता, मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवाव्यात. ताराबाईंचे पुस्तक हरवले तसे आपले हरवू नये, यासाठी एवढा खर्च सोसावा.

आता सांगितले जाते की संगणकाने हा सारा प्रश्न सोडवला. मागणी येईल तशी एकेक प्रत छापता येते, साठा नको, भांडवल नको. २०१६ च्या डिसेंबरपासून अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तकेही निघू लागली. सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अट वाचा. भारतातील विक्रीवर ७० टक्के मानधन हवे असेल तर ते डिजिटल पुस्तक दुसरीकडे कोठेही विकायचे नाही, असे नव्वद दिवसांचे बंधन घ्यावे लागते. नाहीतर ३५ टक्के. इचलकरंजीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

मग मार्ग कोणता? श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी लिमिटेड मंडळी काढली, भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळवले, आणि या खटाटोपाचा इतिहास 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने लिहून ठेवला. लेखनाच्या अर्थकारणावर मराठीत त्याच्या तोडीचे पुस्तक मला दुसरे दिसत नाही, आणि ते आज फारसे कोणी वाचत नाही. मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा व गीव्ह पटेल या कवींनी 'क्लिअरिंग हाउस' ही सहकारी धर्तीची संस्था काढून आपली इंग्रजी पुस्तके स्वतः छापली. १९७६ चे 'जेजुरी' त्यातलेच. काही वर्षांनी ते काम थांबले. मित्रांच्या मेळाव्याची तीच मर्यादा असते.

सर्वांत मोठा प्रयोग केरळचा आहे. १९४५ साली कोट्टायम येथे बारा लेखकांनी प्रत्येकी दहा, म्हणजे एकूण १२० रुपये भांडवलावर साहित्य प्रवर्तक सहकारी संस्था नोंदवली. एम. पी. पॉल अध्यक्ष, कारूर नीलकंठ पिळ्ळा कार्यवाह. लेखकाला ३० टक्के मानधन देणारी संस्था म्हणून ती देशभर ओळखली गेली. १९४९ साली तिने नॅशनल बुक स्टॉल ताब्यात घेतला. माझ्या मते तिच्या यशाचे मर्म येथे आहे. छापण्याची सहकारी संस्था कोणीही काढील, विकण्याचे दुकान हाती असणे महत्त्वाचे. तिच्या विक्रीव्यवस्थेचा कणा असलेले डी. सी. किळकेमुरी यांनी १९७४ साली स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि नंतर संस्थेचा पूर्वीचा दबदबा राहिला नाही. सहकारातली माणसे का जातात, हे आपल्याला साखर कारखान्यांवरून ठाऊक आहे, अधिक बोलत नाही. परंतु संस्था टिकून आहे. साखर, सूत, दूध सहकारात आणणाऱ्या महाराष्ट्राला लेखकांची अशी संस्था का उभी करता आली नाही?

दुसरी मागणी सरकारकडे करण्याजोगी आहे. आपल्याकडे १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले आणि एकच प्रत शेकडो हात वाचतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. लेखकाला मात्र त्या एका प्रतीचेच पैसे मिळतात, तेही सूट वजा जाता. डेन्मार्कमध्ये १९४६ पासून ग्रंथालयातील पुस्तकांबद्दल सरकार लेखकाला मोबदला देते. ब्रिटनमध्ये ब्रिजिड ब्रॉफी, मॉरीन डफी प्रभृती लेखकांनी दीर्घकाळ चळवळ केल्यावर १९७९ साली तसा कायदा झाला. तेथे वाचकाला एक पैसाही पडत नाही आणि एका लेखकाला मिळणाऱ्या रकमेवर कमाल मर्यादा असते, त्यामुळे सारा निधी खपाऊ लेखकांनी गिळावा असे होत नाही. भारतात असा हक्क नाही, आणि एकाही पक्षाच्या जाहीरनाम्यात त्याचा उल्लेख माझ्या वाचनात आलेला नाही. आपल्याही नाही.

कोणी म्हणेल, प्राध्यापकांना हे बोलणे सोपे आहे, त्यांना पेन्शन आहे. अगदी बरोबर. जोतीरावांना कंत्राटांनी जे दिले ते मला पेन्शन देते, आणि म्हणूनच ज्यांच्यापाशी यातले काहीच नाही त्यांचा प्रश्न मी येथे मांडतो आहे. शेतमजूर बाईने आपली कहाणी लिहायची ठरवली तर तिच्या १,२०० तासांची सोय कोण करणार? तिने ६०,००० रुपये कोठून आणायचे? ती लिहीत नाही, म्हणजे तिच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, असा निष्कर्ष बाजार काढून मोकळा होतो.

दुपारच्या सत्रात ज्यांची हस्तलिखिते तयार आहेत त्यांनी पृष्ठसंख्या आणि अपेक्षित वाचकांची यादी घेऊन यावे. 'सर्वसामान्य जनता' असे यादीत लिहू नये, नावे व पत्ते लिहावेत. किती नावे खरोखर भरतात ते पाहू आणि मग ३०० प्रती काढायच्या की ५००, ते ठरवू.