जमाखर्चाचे वाचन



ग्रंथालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कोषाध्यक्ष ताळेबंद मांडतात तेव्हा मागच्या रांगेतून एखादा ज्येष्ठ सभासद हमखास उठतो आणि पुस्तकांच्या बांधणीवरचा खर्च यंदा एवढा वाढला कसा, असे विचारतो. क्षणभर कुजबुज होते; पण उत्तर द्यावेच लागते आणि ते इतिवृत्तात नोंदले जाते. वर्गणी थोडी असली तरी ती आपली आहे, ही जाणीव त्या प्रश्नामागे असते. तोच सभासद घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, बाजारातील प्रत्येक वस्तूबरोबर कर भरतो. परंतु गटाराच्या किंवा रस्त्याच्या खर्चाचा हिशेब विचारण्यास तो क्वचितच उठतो. ग्रंथालयाचा पैसा आपला आणि नगरपालिकेचा पैसा सरकारचा, अशी एक समजूत आपल्या मनात खोल रुजलेली आहे. ती कशी बदलते आणि बदलली म्हणजे काय घडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मराठी समाजाला या बाबतीत परंपरा नाही असे नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ते सरकारनियुक्त होते. मते मागून निवडून आलेले नव्हते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त शहर सजवण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला. बत्तीस सदस्यांमध्ये त्याला विरोध करणारे फुले एकटेच होते. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्ताव संमत झाला. विरोधाची नोंद मात्र राहिली, आणि आज त्या सभेची आठवण निघते ती त्या एका विरोधी मतामुळेच.

त्याच नगरपालिकेने मोठ्या खर्चाची नवी मंडई बांधण्याचे ठरवले, तेव्हाही फुल्यांनी विरोध केला. आधी शिक्षण, मग इमारत, असा त्यांचा क्रम होता. तेथेही ते हरले. १८८६ साली ती इमारत लॉर्ड रे मार्केट या नावाने उभी राहिली. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. ज्या वास्तूच्या खर्चाला त्यांनी हरकत घेतली, तिच्याच माथ्यावर त्यांचे नाव लागले, हा इतिहासाचा खेळ मोठा बोलका आहे. मंडई पुणेकरांच्या पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडली, हे कोणीही नाकारणार नाही. म्हणून काही फुल्यांचा प्रश्न चुकीचा ठरत नाही. जाब विचारणारा प्रत्येक वेळी बरोबर असलाच पाहिजे, अशी अट कोणी घालू नये. ‘आधी काय, आणि कोणासाठी?’ हे खर्चापूर्वी विचारले गेले पाहिजे, आणि त्याचे उत्तर सर्वांसमक्ष दिले गेले पाहिजे. एवढीच लोकशाहीची मागणी आहे.

सभागृहातील सदस्याने प्रश्न विचारणे आणि सभागृहाबाहेरील नागरिकाने तो विचारणे, यांत मोठे अंतर आहे. ते ओलांडण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामाचे हजेरीपट आणि बिले तेथे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचली गेली. जे लोक त्या कामावर कधी गेलेच नव्हते, त्यांच्या नावावर मजुरी उचललेली आढळली. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना अक्षरओळख नव्हती. पण कोण कामावर होता आणि कोण नव्हता, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा या चळवळीची. कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात, या मागणीसाठी १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे झाले. पुढे १२ ऑक्टोबर २००५ रोजी माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा पूर्णपणे अमलात आला, त्यामागे हे हजेरीपटांचे वाचन आहे.

गोमंतक या बाबतीत मागे नव्हता. केंद्राच्या कितीतरी आधी, १९९७ साली, गोवा राज्याने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला. पुढे २०११ सालचा म्हणून ओळखला जाणारा प्रादेशिक आराखडा २००६मध्ये अधिसूचित झाला. डोंगर, शेते आणि बागायती यांचा मोठा विस्तार त्यात वसाहतीसाठी दाखवला आहे, हे लोकांनी नकाशे पाहून ओळखले. गोवा बचाव अभियानाने गावोगाव ते नकाशे समजावून सांगितले. जनमताचा रेटा इतका वाढला, की जानेवारी २००७मध्ये शासनाला तो आराखडा मागे घ्यावा लागला. सर्वे क्रमांक आणि नकाशातील रंग यांचा अर्थ सामान्य माणसाला कळला, हे त्या आंदोलनाचे खरे बळ होते.

आता साधनांची उणीव राहिलेली नाही. १९९२च्या घटनादुरुस्त्या १९९३ साली अमलात आल्या आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. माहितीच्या अधिकारात अर्जदाराला कारण सांगावे लागत नाही. साधारणतः तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. नागरिक चालू कामाची पाहणी करू शकतो, एवढेच नव्हे, तर वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागू शकतो. रस्ता किती जाडीचा व्हावयाचा होता आणि किती जाडीचा झाला, हे तपासण्याची वाट कायद्याने मोकळी केली आहे.

मात्र ही वाट निर्धोक नाही. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. जमिनींचे गैरव्यवहार त्यांनी उघडकीस आणले होते. अशा घटना वाचल्या म्हणजे सुशिक्षित माणूस हळहळतो आणि आपल्या घराचे दार अधिकच घट्ट लावून घेतो. पण असे दार लावल्यानेच प्रश्न विचारणारा एकटा पडतो, आणि एकट्याला गाठणे सोपे असते. तोच प्रश्न पन्नास माणसांनी एका ग्रामसभेत विचारला, तर धमकी द्यावयाची कोणाला?

येथे ग्रंथालयाचा संबंध येतो. शंभर वर्षे या संस्थेने माणसांना एकत्र बसून वाचण्याची सवय लावली. कादंबरी, नाटक, चरित्र यांची चर्चा येथे झाली. वृत्तपत्रे तर रोज अनेक हातांतून गेली. त्याच टेबलावर नगरपालिकेचे आणि पंचायतीचे वार्षिक अंदाजपत्रक, लेखापरीक्षणाचा अहवाल, ग्रामसभेचे इतिवृत्त आणि आराखड्याचे नकाशे ठेवण्यास अडचण कोणती? हे दस्तऐवज गुप्त नाहीत. मागितले तर मिळतात. न मिळाले तर अर्ज करता येतो. निवृत्त लेखापाल, अभियंते, शिक्षक ग्रंथालयाच्या सभासदांत आहेतच. त्यांनी वर्षातून एक संध्याकाळ अंदाजपत्रकाचे जाहीर वाचन करावे. गतवर्षी मंजूर झालेली रक्कम, प्रत्यक्ष खर्च आणि प्रत्यक्ष काम या तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडाव्यात. यात कोणत्याही पक्षाची बाजू घेण्याचे कारण नाही. काम चांगले झाले असेल, तर तेही मोकळेपणाने सांगावे. प्रामाणिक पंचाला आणि नगरसेवकाला अशा वाचनाचा आधारच वाटेल.

शताब्दीनिमित्त इमारतीचे नूतनीकरण आणि ग्रंथसंपदेची वाढ अनेक ग्रंथालये हाती घेतात. त्यासोबत एक लहानसे कपाट आपल्या गावाच्या जमाखर्चासाठी राखून ठेवावे, एवढी विनंती. पहिल्या वर्षी ते उघडणारे चार-दोनच निघतील; तरीही ते कपाट बंद करू नये.